पुतळाआईच्या नावानं

खारबावच्या पुतळाबाईला बोलायला कधी विषय शोधावा लागला नाही. भिवंडीत तीन बत्तीच्या बाजारात लसणाच्या गोणी आणि सुक्या बोंबलांच्या पाट्या यांच्या मधे तिची बसायची जागा होती. होळी उलटली की तिच्या अंगणात मिरच्यांचा लाल सडा पडायचा, मसाला डंक्यावर कुटून यायचा आणि पुतळाबाई पत्र्याचे डबे घेऊन बाजार गाठायची. गिऱ्हाईक समोर आलं तरी मसाल्याचं नाव ती लगेच काढत नसे. "काय गो, सून नांदाया आली का?" "तुज्या पोराचा हात बसला का नीट?" अशी सुरुवात व्हायची. मग चिमूटभर मसाला समोरच्या तळहातावर, मग तोलणं, आणि तोलून झाल्यावर वर एक मूठ. "हे माज्याकडनं."

आगऱ्यांच्या बायका तर तिच्याकडे यायच्याच, पण अंबाडीकडच्या कुणबिणीही एस्टीतून उतरल्या की आधी तिला शोधायच्या. कापडाच्या लूमवर काम करणाऱ्या उत्तरेकडच्या माणसांच्या बायकाही यायच्या. त्यांना ती आपल्या हिंदीत बजावायची, "भाभी, बच्चा लोग को देना है तो कम डालने का, हां? आग है ये." भाभी हसत हसत जास्तच घेऊन जायच्या.

मग गुडघ्यांनी दगा दिला. रिक्षात चढताना ती रडकुंडीला यायला लागली. मुलगा भाविक भिवंडीजवळच्या पूर्ण्याच्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर झाला होता, घरात काही कमी नव्हतं. "आई, आता कशाला ती दगदग?" असं तो म्हणाला आणि तिलाही ते पटलं. दोन हजार सहा साली बाजार सुटला. मसाला घरच्यापुरता, पाहुण्यांपुरता राहिला.

ते सगळं ठीकच होतं, पण पुतळाबाईची दुपार काही सरेना. नवरा केसरीनाथ ओटीवर पेपर वाचायचा आणि विचारलं तेवढंच बोलायचा. दूधवाला आला की ती त्याला पाऊण तास उभा करायची. लाइटचं मीटर वाचायला आलेल्या माणसाला तिने एकदा त्याच्या आजोळापर्यंत विचारलं. हे सगळं सून उन्नती बघत होती.

उन्नती कल्याणची, बी. कॉम. झालेली. भाविकच्या कामासाठी घरात कॉम्प्युटर आला होता आणि दुपारी तो मोकळाच असायचा. त्या दिवसांत जो तो ऑर्कुटवर होता. शाळेतले सोबती, चुलत-मावस भावंडं, सगळे तिथेच एकमेकांना निरोप टाकायचे, त्याला स्क्रॅप म्हणायचे. एक दिवस उन्नतीने सासूला खुर्चीत बसवलं, डोक्यावरचा पदर नीट केला आणि मसाल्याच्या डब्यासकट फोटो काढला. 'पुतळाआईचा आगरी मसाला' अशी एक कम्युनिटी उघडली आणि खाली लिहिलं, आईंना काहीही विचारा.

"माजा फोटो सगल्या जगाला दिसतो?" पुतळाबाईने विचारलं.

"ज्याला बघायचाय त्याला दिसतो."

"मग ती हिरवी साडी नेसले असते ना गो!"

पहिले काही महिने फार मजेचे गेले. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की उन्नती निरोप वाचून दाखवायची. कोणी मुलुंडचा, कोणी नाशिकचा, कोणी थेट दुबईचा. मसाला कसा मिळेल, असं विचारलेलं असायचं आणि पुतळाबाईचं उत्तर भलतीकडूनच सुरू व्हायचं. "ह्याला इचार, जेवन कोन करून देतं? लगीन झालंय का? एकला असंल तर पाव किलोच घे म्हनावं, वर्षाचा घेऊन ठेवशील नि जाले लागतील." उन्नती हे जसंच्या तसं इंग्रजी अक्षरांत लिहायची. लोकांना ते इतकं आवडलं की मसाला न घेणारेही येऊन गप्पा मारायला लागले. कोणी आपल्या कालवणाचा फोटो टाकायचा, आई ओरडल्या तर तेही मिरवायचा. भाविकच्या ओळखीने पुड्या कुरियरने जायला लागल्या. अंगणात पुन्हा मिरच्यांचा सडा पडला, कुटायला गावातल्या दोघीतिघी बायका ठेवाव्या लागल्या.

पुढे निरोप इतके वाढले की संध्याकाळ पुरेना. उन्नती दुपारीच बसून उत्तरं द्यायला लागली. सासूचं बोलणं तिच्या कानात बसलेलं होतं. गो कुठे लावायचा, दटावायचं कधी, लाड कधी करायचे, सगळं तिला जमत होतं. आधी ती लिहून मग सासूला वाचून दाखवायची. नंतर त्यातली चार वाचायची. नंतर म्हणायची, "सगळे मजेत आहेत, आई. तुमची आठवण काढतात."

पुतळाबाईला वाटायचं, निरोप कमी झाले असतील. पण पुड्या तर वाढतच होत्या. एकदा दुबईच्या त्या माणसाचा फोन आला. "आई, तुम्ही सांगितलंत तसंच केलं. मीच आधी फोन केला. बायको परत आली." पुतळाबाई गोंधळली, पण "बरं झालं बाबा," म्हणाली. फोन ठेवल्यावर तिने सुनेला विचारलं, "त्याची बायको कवा गेली होती?" उन्नती म्हणाली, "तुम्हीच म्हणाला असतात तसं लिहिलं मी. चुकलं का काही?" चुकलं असं म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं. बाई परत आली होती. तरी पुतळाबाईला दिवसभर काहीतरी टोचत राहिलं, चपलेत खडा गेल्यासारखं. मग तेही ती विसरली.

दोन हजार नऊचा माघ महिना होता. वसईकडून येणाऱ्या सकाळच्या गाडीने एक जोडपं खारबावला उतरलं आणि विचारत विचारत पुतळाबाईच्या दारात आलं. बाई गरोदर होती, सातवा लागलेला स्पष्ट दिसत होता. नवऱ्याच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. ती ओटीवर चढली, अवघडून वाकली आणि पाया पडली.

"पुतळाआई, मी रूपा. बडोद्याहून. तुम्ही बोलावलंत ना? आले बघा."

पुतळाबाईने तिला उठवलं. रूपा नावाची कोणी आठवेना. पण पोटुशी पोर दारात उभी करून कोण चौकशी करत बसतं? "ये गो, बस. आधी पानी पी. ह्यो तुजा नवरा का? लांबून आलीस," म्हणत तिने पंखा लावायला सांगितला. दारातून डोकावलेल्या उन्नतीचा चेहरा उतरलेला होता, तो मात्र तिने पाहिला.

नवऱ्याचं नाव दीपेश. बडोद्याला कारखान्यात नोकरी, मूळ घर अंबाडीच्या पुढचं. डोहाळजेवणासाठी गावी निघाले होते. "पण हिचा हट्ट, आधी पुतळाआईंकडे जायचं. माहेर समजून ये म्हणालात ना तुम्ही, तेव्हापासून दिवस मोजतेय," तो हसून म्हणाला.

रूपाने पिशवीतून एक डबा काढला. "तिळाच्या वड्या आणल्यात. आईला जमायच्या तशा नाही जमत मला." मग ती पुढे सरकली. "आई, तुम्ही माझ्या आईबद्दल लिहिलंत ना, ते मी कितीदा वाचलं. बाजारात तुमच्याजवळ बसायची, हळू बोलायची, देवमाणूस होती म्हणालात. ती जाऊन दोन वर्षं झाली. तिला ओळखणारं बडोद्यात कोणीच नाही. तुमच्या तोंडून ऐकायचंय मला. कशी यायची ती? काय बोलायची?"

पुतळाबाईने विचारलं, "नाव काय गो तुज्या आईचं?"

रूपाचं हसू जागच्या जागी थांबलं. "ठमाबाई. तुम्ही तर..."

"चहाचं बघून येते," पुतळाबाई म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकत उठली.

आत उन्नती ओट्याला टेकून उभी होती. सासूने काही विचारायच्या आत तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मला फसवायचं नव्हतं, आई. तिने लिहिलं, माझी आई अंबाडीहून येऊन भिवंडीत एका बाईकडून मसाला घ्यायची, त्या तुम्हीच का? मी हो म्हटलं. मग तिने विचारलं, आठवते का? तेव्हा नाही कसं म्हणू? इतकं तुटून लिहीत होती ती. एकदा हो म्हटल्यावर पुढचं लिहावंच लागलं."

"नि माहेराला बोलावलंस."

"वाटलं, कोण येतंय इतक्या लांबून."

पुतळाबाईने डोळे मिटून बाजार आठवून पाहिला. अंबाडीकडच्या बायका आठवल्या, त्यांच्या खोचलेल्या साड्या, गाठोडी, एस्टी चुकेल म्हणून चाललेली घाई. ठमाबाई आठवली नाही. आठवली म्हणणं सोपं होतं. पोरगी खूश होऊन गेली असती, सुनेचीही अब्रू राहिली असती. पण मेलेल्या बाईबद्दल, तिच्याच लेकीसमोर, तोंडाला येईल ते बोलायचं, हे पुतळाबाईला काही केल्या जमण्यातलं वाटेना. आणि मग रूपाने आणखी काही विचारलं तर?

"चल भायेर," ती सुनेला म्हणाली. "दोघी जाऊ."

बाहेर येऊन ती रूपाच्या समोर नाही, शेजारी बसली. तिचा हात हातात घेतला.

"पोरी, मना तुजी आई आठवत न्हाय. आता आत जाऊन लई आठवून बघितली. बाजारात शंभर बायका यायच्या. ते जे लिहिलं ते माज्या सुनेनं लिहिलं. माज्या नावानं लिहिलं, म्हंजे चूक माजी बी हाय. मी इचारायचं सोडून दिलं होतं."

दीपेशचा चेहरा लाल झाला. "म्हणजे इतके महिने ही बोलत कोणाशी होती?"

"माझ्याशी," उन्नती म्हणाली.

"धंद्यासाठी काय पण करायचं का? चल रूपा, निघू. अजून लांब जायचंय."

रूपा उठली नाही. ती उन्नतीकडे बघत होती. "माझ्या सासूबद्दल लिहिलं होतं मी. ते पण तुम्हीच वाचलंत?"

"हो."

"आणि रडायला आलं तर रड, कोणी बघतंय म्हणून थांबू नको, हे उत्तर?"

"ते माझंच होतं. माझी आई गेली तेव्हा मला कोणी तसं म्हणालं नव्हतं." उन्नतीने सासूकडे पाहिलं. "आईंच्या नावाने लिहिलं ते चुकलं. पण ते खोटं नव्हतं."

ओटीवर केसरीनाथ पेपर घडी करून बसला होता. मग रूपा हळूच म्हणाली, "शांत होती, हळू बोलायची, हे वाचलं तेव्हाच मला जरा वाटलं होतं. माझी आई आणि हळू? पण म्हटलं, बाजारात वेगळी असेल. मला हवंच होतं ते."

पुतळाबाई उठली. "जेवल्याबिगर जायाचं न्हाय. नि हे मी सोता बोलतंय हां, हे सुनेनं लिहिलेलं न्हाय."

रूपाला हसू आलं, आणि हसताहसताच रडू. दीपेशने पिशव्या खाली ठेवल्या.

तांदळाच्या भाकऱ्या झाल्या, वालाचं बिरडं झालं. रूपाच्या ताटात पुतळाबाईने तिखट बेताचंच वाढलं आणि ती जेवत असताना समोर बसून बाजार सांगितला, आपल्याला आठवत होता तेवढाच. अंबाडीच्या बायका कुठे उतरायच्या, गाठोडं कोणाच्या ओट्यावर ठेवायच्या, पहिला चहा कुठे प्यायच्या, एस्टी लागली की कशा धावायच्या. "त्यांच्यात तुजी आई असंल. तेवढं मी छातीला हात लावून सांगंन. पुढचं मना न्हाय ठाव." रूपा घास हातात धरून ऐकत होती. मधेच विचारत होती, "आई भजी आणायची पुड्यातून. ती कुठली असतील?" पुतळाबाईला भजीवाला बरोबर माहीत होता. त्याचा एक डोळा लहान होता, हेही तिने सांगितलं.

जेवणं झाल्यावर तिने चप्पल घातली. "तुमी भिवंडीवरनंच जानार ना? मी येते बाजारापतुर. लसूनवाला चांगदेव अंबाडीकडचा हाय. त्याला माज्यापरीस जास्त मानसं ठाव."

"आई, गुडघे..." उन्नती म्हणाली.

"तू बी चल. मना धरायला."

चौघं रिक्षाने निघाले. रस्त्यात ट्रकांची रांग होती, खड्डे होते, दीपेश रिक्षावाल्याला "धीरे, भाई, धीरे" म्हणत होता. बाजार सुटल्यापासून पुतळाबाई पहिल्यांदाच तिथे उतरली. तिच्या जागेवर आता प्लास्टिकचे डबे विकणारा बसला होता. पण चांगदेव तसाच होता, फक्त केस पिकले होते. त्याने तिला बघून गोणीवरून उडीच मारली.

"पुतळाबाय! मला वाटलं, वर गेलीस!"

"तुला घेतल्याबिगर जाते का रं?" मग तिने रूपाला पुढे केलं. "अंबाडीच्या फुडली ठमाबाई ठाव हाय का तुला? ही तिची लेक."

चांगदेवने डोकं खाजवलं. एक ठमाबाई त्याला आठवली, पण ती म्हातारी होती. मग रूपाने आईचं घर सांगितलं, विहिरीजवळचं, दारात चिंचेचं झाड. चांगदेवने कपाळावर हात मारला.

"ती व्हय? डाव्या हातावर गोंदलेलं व्हतं, ती? आगं बाय बाय! ती बाई आली की मी गोणीमागं लपायचो. लसणाची एकेक कुडी हातात घेऊन बघायची नि माझ्याच अंगावर फेकायची. एकदा अख्ख्या बाजारात मला चोर म्हणाली. भांडून दमली की माझ्याच डब्यातलं पाणी प्यायची." तो थांबला, जरा वरमला. "गेली का? माफ कर हां पोरी. तोंडाला येईल ते बोललो."

पण रूपा पदर तोंडाला लावून हसत होती. इतकी हसत होती की दीपेशने तिला धरलं. "हीच," ती म्हणाली. "हीच माझी आई. अजून सांगा."

चांगदेवने आठवेल तेवढं सांगितलं. निघताना त्याने निवडून निवडून लसूण दिला. रूपा अंबाडीच्या गाडीत बसताना पुतळाबाईच्या पाया पडली. उन्नतीसमोर क्षणभर थांबली आणि तिच्या दंडावर हात ठेवला. गाडी भिवंडी-वाडा रस्त्याला लागेपर्यंत सासू-सुना तिथेच उभ्या होत्या.

घरी येताना उन्नती म्हणाली, "मी ते सगळं बंद करून टाकते, आई."

"बंद कशाला? मानसं काय वंगाल हायेत का? जे हाय ते सांग त्यांना."

दुसऱ्या दिवशी पुतळाबाईने सांगितलं आणि उन्नतीने लिहिलं. 'मी पुतळाबाई. मला लिहिता येत नाही. इतके दिवस बरंचसं माझ्या सुनेने आपल्या मनाने लिहिलं. तिचं मन चांगलं आहे, पण ते माझं बोलणं नव्हतं. आता रोज थोडीच उत्तरं येतील. जे मी बोलेन ते माझ्या नावाने, जे ती बोलेल ते तिच्या नावाने. कोणाला राग आला असेल तर त्याने तो लिहावा, मी ऐकेन.'

राग आला होता. कोणी फसवणूक म्हटलं, कोणी नुसतंच निघून गेलं. दुबईच्या माणसाने लिहिलं, सल्ला कोणाचाही असो, बायको घरात आहे. उन्नतीने त्याला पहिल्यांदा स्वतःच्या नावाने उत्तर लिहिलं. त्या वर्षी पुड्या थोड्या कमी गेल्या. पण संध्याकाळी पुन्हा दोघी कॉम्प्युटरसमोर बसायला लागल्या, आणि पुतळाबाईला न येणारं कोणी विचारलं तर ती सरळ सांगायची, "हे मना न्हाय ठाव. कोनाला ठाव असंल त्यानं सांगा." मग कोणीतरी सांगायचंच. कोल्हापूरची एक बाई आणि पनवेलचे एक रिटायर मास्तर तर सुक्या जवळ्यावरून आठवडाभर वाद घालत बसले. पुतळाबाई रोज विचारायची, "आज कोन जिंकलं?"

वैशाखात नवा मसाला तयार झाला, त्याच सुमारास बडोद्याहून स्क्रॅप आला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. खाली रूपाने लिहिलं होतं, पुतळाआई, अर्धा किलो पाठवा, तोंडाला चव नाही.

पुतळाबाई खुर्चीत सरळ बसली. "लिही. मसाला मिलनार न्हाय. बालंतिनीनं तिखट खायाचं न्हाय. पोर दूध पिते, तिच्या पोटात आग होईल. दिवालीला माग, तवा देईन. आता अलीव पाठवते, खीर करून खा. नि तुज्या नवऱ्याला सांग, नारल खवून देत जा."

उन्नतीने लिहिलं. हे सगळ्यांना दिसत होतं. एका बाईने लिहिलं, धंदा करता की गिऱ्हाईक परत पाठवता? दुसरीने अळिवाच्या लाडवांची कृती टाकली. पनवेलच्या मास्तरांनी बाळासाठी नावं सुचवायला घेतली. आणि संध्याकाळी दीपेशचं उत्तर आलं, पहिल्यांदाच त्याच्या स्वतःच्या नावाने. नारळ खवायची विळी विकत घेतली आहे, पण बोट कापलं, पुढे काय?

"हळद लाव म्हनावं," पुतळाबाई म्हणाली, आणि अळीव निवडायला सूप जवळ ओढलं.